झेंड्यातला काळा पट्टा

माझं सांगलीत मॅचिंग सेंटर आहे. साडीवरचे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. हे आधीच सांगून टाकते, कारण मी कुठेही गेले तरी मला देवळं, बागा, इमारती मागाहून दिसतात आणि रंग आधी दिसतात. म्हैसूरचा राजवाडा पाहून आले तेव्हा सुनेनं विचारलं, कसा होता? मी म्हटलं, खांब मोरपंखी आहेत. घरात अजून त्यावरून मला चिडवतात.

तर गेल्या नोव्हेंबरात बंगळूरला जाऊन आले. निव्वळ फिरायला नव्हे. माझी धाकटी बहीण शैला लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. तिचे यजमान दिलीपराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. बसवनगुडीत घर. एकुलती एक मुलगी ऋता, तिशी ओलांडलेली, कंपनीत चांगल्या नोकरीवर, एचएसआर लेआउटमध्ये वेगळी राहते. गणपतीत ऋतानं घरी सांगितलं की मला लग्न करायचं नाही, आत्ता नाही आणि पुढेही नाही, मी असेक्शुअल आहे. दिलीपराव गप्प बसले. शैला म्हणाली, असलं काही नसतं. तेव्हापासून मायलेकी एकाच शहरात राहून एकमेकींच्या घरी गेल्या नव्हत्या. शैलानं रोज सकाळी फोनवर फुलांचं चित्र पाठवायचं आणि ऋतानं उलट अंगठा पाठवायचा, एवढंच काय ते बोलणं.

मग एकाच आठवड्यात मला दोघींचे फोन आले. शैला म्हणाली, "ताई, तू ये. हुबळीचं एक चांगलं स्थळ आलंय. ती तुझं ऐकते, तू नीट समजावून सांग." ऋता म्हणाली, "मावशी, रविवारी आमची प्राइडची मिरवणूक आहे. आईला एवढंच सांग, चालू नको, नुसती फूटपाथवर उभी राहा. मला लांबून दिसली तरी पुरे." मी दोघींना ‘बघते’ म्हटलं आणि तिकीट काढलं.

मिरवणुकीला झेंडा लागतो आणि झेंड्याला रंग लागतात, एवढं मला ठाऊक होतं. रिकाम्या हातानं भाचीकडे कसं जायचं? दुकानातून नवरात्राच्या नऊ रंगांचे तुकडे कापले, नीट घड्या घातल्या आणि पिशवीत भरले.

बसवनगुडी

नोव्हेंबरातल्या बंगळूरची हवा अशी की सांगलीच्या माणसाला वाटावं, आपण कशासाठी इतकी वर्षं घाम गाळत बसलो. रस्त्यावर मोठाल्या झाडांची सावली, दारोदारी सकाळी काढलेल्या पांढऱ्या रांगोळ्या. शैलाच्या घराजवळ शेंगांची जत्रा भरायच्या बेतात होती. नंदीच्या देवळाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भुईमुगाच्या शेंगांचे ढीग पडत होते. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. आमच्याकडेही शेंगांना तोटा नाही, पण शेंगांसाठी जत्रा भरवावी हे आम्हाला सुचलं नाही. दिलीपराव रोज संध्याकाळी पिशवी भरून आणत आणि पेपर पसरून सोलत बसत.

शैलाचं मराठी आता निम्मं कानडी झालंय. "ताई, स्वल्प सरक गं, खुर्ची ओढते," म्हणते. चहा मागितला तर कॉफी देते. शेजारच्या पद्मक्का आल्या तर दोघी एका पेल्यातली कॉफी दोन पेल्यांत ओततात आणि अर्धी अर्धी पितात. हॉटेलातही इथे ‘बाय टू’ म्हणून तशीच मिळते. आमच्याकडे पाहुण्यासमोर अर्धा कप ठेवला तर तो परत यायचा नाही.

एक गोष्ट मात्र शैलानं माहेरची जशीच्या तशी जपली आहे. तिच्या घरात काळं येत नाही. छत्रीसुद्धा नेव्ही ब्लू. आमची आईही तशीच होती. काळं फक्त संक्रांतीला. त्या एका दिवशी काळ्याला मान, बाकी वर्षभर लग्नकार्यात, बारशात, सणात काळं दिसलं तरी तिच्या कपाळावर आठी चढे. शैलाच्या कपाळावरची आठी बघून मला आईची आठवण येते.

पहिल्याच दिवशी जेवणं झाल्यावर तिनं हुबळीच्या मुलाचा फोटो पुढे केला. मुलगा हसतमुख होता, शर्ट लिंबू कलरचा.

"तिला कुणी दुसरं आवडत असेल तर तसं सांगू दे," शैला म्हणाली. "मुलगा असो, मुलगी असो. पेपरात वाचते मी. रडेन चार दिवस, मग करेन काहीतरी. पण कुणीच नको म्हणजे काय, ताई? माझ्या मागे ती एकटी राहणार?"

तिचा राग मी सांगलीहून फोनवर ऐकला होता. त्याच्या खाली ही भीती होती, हे मला समोर बसल्यावर कळलं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

एचएसआर लेआउट

या भागात घरांचे नंबर, रस्त्यांचे नंबर, चौकांचे नंबर, आणि सगळ्या इमारती एकाच राखाडी रंगाच्या. रिक्षावाले अण्णा मला एकाच बेकरीवरून पुन्हा पुन्हा फिरवत होते. शेवटी मी त्यांच्या हातात फोन दिला, ऋता त्यांच्याशी कानडीत बोलली, ते "सरी, सरी" म्हणाले आणि रिक्षा वळवली. ती बेकरीच्या मागच्याच गल्लीत राहत होती.

घरात ऋताची मैत्रीण कावेरी होती. कावेरी बेळगावची, मराठी-कानडी दोन्ही सारख्याच तोऱ्यात बोलणारी. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून नाव ठेवलं होतं, हे तिनंच हातातली पोह्यांची बशी माझ्याकडे देता देता सांगून टाकलं. मी पिशवीतले तुकडे काढून सोफ्यावर मांडले तशी ती ओरडली, "काय वो मावशी, दुकानच आणलासा की!"

दोघी हसायला लागल्या. मग मोजून पुन्हा हसल्या, कारण त्यांच्या इंद्रधनुष्यी झेंड्यात पट्टे सहा असतात. मी म्हटलं, आमच्याकडे नऊच असतात. कावेरीला नवरात्राच्या रंगांचं फारसं माहीत नव्हतं. मी सांगितलं की दर वर्षी पेपरात यादी येते, कोणत्या दिवशी कोणता रंग. त्या दिवशी बँकेतल्या मॅनेजरबाई, भाजीवाली, कॉलेजच्या मुली आणि झाडू मारणाऱ्या मावशी, सगळ्या एका रंगात. माझं दुकान त्या नऊ दिवसांवर निम्मं वर्ष काढतं.

"कुणी ठरवलं कुठला रंग ते?" ऋतानं विचारलं.

"पेपरवाल्यांनी," मी म्हटलं. "माझ्या लहानपणी नव्हतं हे."

"मग आमचंही तसंच आहे. कुणीतरी बसून ठरवलं, लोकांनी उचललं."

मग तिनं मला त्यांची यादी सांगितली. लाल म्हणजे जीवन, केशरी म्हणजे जखम भरून येणं, पिवळा म्हणजे ऊन, हिरवा म्हणजे निसर्ग, निळा म्हणजे शांती, जांभळा म्हणजे आत्मा. सगळ्यात पहिल्या झेंड्यात म्हणे आठ पट्टे होते. एक भडक गुलाबी होता, आमच्या भाषेत राणी कलर, आणि एक फिरोजी. पण झेंड्यांना मागणी आली तेव्हा तसलं गुलाबी कापड पुरेसं मिळेना, म्हणून तो पट्टाच गेला. पुढे पट्टे सम असावेत म्हणून फिरोजीही वगळला.

हे ऐकून मला त्या झेंड्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. नवरात्रात राणी कलर संपला म्हणून बायका माझ्या अंगावर कशा धावून येतात, ते मी सांगू नये. अर्थ मोठे असतात, पण कापड ठाणात असेल तेवढंच असतं.

कावेरीनं तिचा झेंडा दाखवला. फिकट निळा, गुलाबी, मधे पांढरा, पुन्हा गुलाबी, पुन्हा निळा. निळा मुलग्यांचा, गुलाबी मुलींचा, पांढरा जे वाटेत आहेत किंवा दोन्हींत नाहीत त्यांचा. तिनं तो उलटा करून धरला. "बघा की, उलटा धरला तरी सुलटाच. आमचं कुटूनही बघा, बरोबरच हाय." मी मान डोलावली. काठापदराच्या साडीचंसुद्धा एवढं कौतुक करता येत नाही, तिला उलटी बाजू असते.

"आणि तुझा?" मी ऋताला विचारलं.

ऋतानं फोनवर चित्र उघडून दाखवलं. वर काळा, मग राखाडी, मग पांढरा, खाली जांभळा.

माझ्या तोंडून आईचाच शब्द निघाला. "काळा? शुभकार्याला?"

"मावशी, काळा म्हणजे मी," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यासारखे. ज्यांना कुणाबद्दल ती ओढ वाटत नाही. राखाडी म्हणजे मधले, ज्यांना कधीमधी वाटते, किंवा खूप ओळख झाल्यावरच वाटते. पांढरा म्हणजे जे आमच्यासारखे नाहीत पण आमच्या बरोबर उभे राहतात. आणि जांभळा म्हणजे आम्ही सगळे मिळून."

मी तिला शैलाचा प्रश्न विचारला. एकटी राहशील ना गं?

"कावेरी आहे, बाकीची मंडळी आहेत. मी माणूसघाणी नाही, मावशी. नुसती ती ओढ नाही. मी वाट बघितली. विशीत वाटेल, पंचविशीत वाटेल. स्थळं आली तेव्हा वाटलं, आता तरी वाटेल. मग वाट बघणं सोडलं आणि इतकं हलकं वाटलं. आईला वाटतं माझं काहीतरी बिघडलंय. तिनं माझी चंद्रकळासुद्धा घेऊन ठेवलीय, माहितीय ना? नवरा मिळायच्या आधी संक्रांत तयार." ती हसायला गेली आणि डोळे भरून आले.

ती चंद्रकळा मला माहीत होती. काळी, लाल काठांची. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला नेसवतात तसली. शैला एकदा माहेरी आली असताना आम्ही दोघींनीच ती पुण्याला जाऊन निवडली होती.

परत येताना मी त्या राखाडीचाच विचार करत होते. आमच्या पिढीत किती जणींनी नुसतं ‘असतंच तसं’ म्हणून संसार केले असतील, त्यांना कुणी विचारलंच नाही. मलाही नाही. मी कुठल्या पट्ट्यात बसले असते कोण जाणे. पण हुबळीच्या मुलाबद्दल ऋताशी बोलायचं नाही, हे माझं रिक्षातच ठरलं. झेंडा मात्र मी शिवून देणार होते.

चामराजपेट

चामराजपेटेतल्या गल्ल्यांत शिरले आणि मला घरी आल्यासारखं झालं. चिंचोळी दुकानं, भिंतभर कापडाची ठाणं, गादीवर बसून बोलणारे मालक. शैला बरोबर होती. झेंड्याचं आणि ऋतानं फूटपाथवर उभं राहायला बोलावल्याचं मी तिला सांगितलं होतं. ती ‘नको’ म्हणाली नाही आणि ‘बरं’ही म्हणाली नाही, नुसती चपला घालून निघाली.

जांभळ्यावर माझं समाधान होईना. एक वांगी निघाला, एक आमसुली, एक फारच निळ्याकडे झुकलेला. दुकानदारानं ठाणांवर ठाणं उलगडली. मी एकेक तुकडा दारात नेऊन उजेडात बघत होते. शैला हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. "अय्यो, तू बदलणार नाहीस," म्हणाली.

जांभळा झाला, राखाडी झाला. मग मी म्हटलं, "काळं दाखवा, पॉपलीन."

"काळं नको," शैला म्हणाली.

"पहिला पट्टाच काळा आहे."

"माझ्या घरात ते आणू नको, ताई. शिवणाचं मिशन माझं, घर माझं. बाकी काय करायचं ते कर."

दुकानदार एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मी ठाण परत ठेवायला सांगितलं. बहिणीच्या घरी राहून तिच्या उंबऱ्याच्या रीतीवर वाद घालायचा मला धीर झाला नाही. काळं मागाहून एचएसआरमध्ये कुठूनतरी जोडू, असा मी मनात हिशेब केला. बाहेर येऊन आम्ही एक बाय टू कॉफी घेतली.

शनिवार, पुन्हा बसवनगुडी

दुपारी शैलाच्या मिशनवर बसले. पांढरं कापड घ्यायचं मी विसरूनच गेले होते. दिलीपराव शेंगा सोलत होते. त्यांनी विचारलं, "पांढरं कशासाठी असतं त्यात?" मी सांगितलं, जे तसे नाहीत पण बरोबर उभे राहतात त्यांच्यासाठी. ते उठले, हात झटकले, आणि कपाटातून एक कोरं धोतर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "मला कुणाच्या तरी मुंजीत मिळालं होतं. घ्या यातलं," म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

तीन पट्टे जोडले. राखाडी, पांढरा, जांभळा. वरची कड मोकळीच राहिली, दोरे लोंबत होते. शैला स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली ती पदराला हात पुसत उभीच राहिली.

"हा कोण?" तिनं जांभळ्यावर बोट ठेवलं.

"हे सगळे मिळून."

"आणि हा?"

"हे मधले. कधी वाटतं, कधी नाही."

"आणि पांढरा म्हणजे यांचं धोतर." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "मग काळा कोण?"

"ऋता," मी म्हटलं.

शैला मोकळ्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे यात सगळे आहेत आणि तीच नाही."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

रविवार

सकाळी मी कॉफी घेत होते तेव्हा शैला न्हाऊन आली. हातात जुन्या मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते उलगडलं. चंद्रकळा होती, घडी न मोडलेली. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

मी घाबरलेच. "शैला, ही कापायची नाही हां. मी कात्री लावणार नाही."

"साडीला कोण हात लावतंय? हिला ब्लाउजपीस आहे ना."

जन्म मॅचिंग सेंटरमध्ये गेला आणि हे मला सुचलं नव्हतं. साडीच्या शेवटाला जोडून आलेलं ब्लाउजचं कापड, साधं काळं, कुणाच्या मापाची वाट बघत तसंच राहिलेलं.

मी कात्री घ्यायला उठले तर ती म्हणाली, "दे इकडे. मी कापते." तिनं एका दमात सरळ कापलं. मग खुर्चीवर बसून रडली. दिलीपराव तिच्या मागे जाऊन उभे राहिले. मी मिशनवर बसले आणि टीप मारायला घेतली. डोळे भरून येत असल्यानं ती जरा वाकडी गेली.

मिरवणुकीत ढोल होते, छत्र्या होत्या, पोरं नाचत होती आणि आकाश कमी पडावं इतके झेंडे होते. मी नवरात्रात दुकानाच्या दारात उभी राहून बघते तसं बघत राहिले. फरक एवढाच की आमच्याकडे सगळ्या जणी एका दिवशी एक रंग नेसतात आणि इथे सगळे रंग एकाच दिवशी बाहेर पडले होते. आम्ही तिघं ऋतानं सांगितल्याप्रमाणे फूटपाथवर होतो. शैलानं जांभळी साडी नेसली होती. हाताशी आली ती नेसले, असं तिचं म्हणणं.

ऋता आणि कावेरी गर्दीतून येताना दिसल्या. ऋतानं आईला पाहिलं आणि ती थांबली, तशी मागची माणसं तिच्यावर आपटली. ती बाजूला येऊन आमच्यासमोर उभी राहिली. शैलानं पिशवीतून झेंडा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "टीप वाकडी आहे. तुझ्या मावशीनं घातलीय."

ऋतानं काळा पट्टा बोटांत धरून चोळला. "आई, ही चंद्रकळा आहे."

"ब्लाउजपीस आहे. साडी कपाटात आहे. संक्रांतीला हळदीकुंकू करतेय, नेसायला ये."

"पण लग्न…"

"मी लग्नाचं काही बोलले का? हुबळीला यांनी सकाळीच ‘नाही’ म्हणून कळवलं. मला अजून सगळं कळलेलं नाही हां, ऋता. कळेल तसं कळेल. तू घरी ये."

ऋता तिच्या गळ्यात पडली. झेंडा दोघींच्या मधे चुरगळला. कावेरी म्हणाली, "मावशी, तुमी पण चला की वो, हितं उभारून काय करतासा," आणि तिनं माझा हात धरून मला रस्त्यावर ओढलं. दिलीपराव शेंगांची पुडी सांभाळत मागून आले. शैला आली की नाही ते मला गर्दीत आधी दिसलं नाही. मग पुढे पाहिलं तर झेंड्याचं एक टोक तिच्या हातात होतं.

सांगली

परत आल्यावर पहिलं काम केलं ते ऋताचं माप फोनवर मागवलं. साडी आहे, ब्लाउज झेंड्यात गेलं, आणि संक्रांत काही थांबत नाही. दुकानात बसून काळ्यांची ठाणं काढली. काळ्यातही निळसर काळा असतो, तपकिरी काळा असतो. चंद्रकळेच्या ब्लाउजपीसचा उरलेला तुकडा शेजारी ठेवून मी एकेक बघत होते.

समोरच्या गिऱ्हाईकबाईंनी विचारलं, "एवढं निरखून काळं? कुणाची पहिली संक्रांत?"

"भाचीची," मी म्हटलं.

"अय्या, लग्न झालं? कळवलं नाहीत!"

"लग्न नाही झालं," मी म्हटलं, आणि मीटरभर काळं फाडलं.